होतकरू खेळाडूला बढती कधी द्यावी?

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा १९९९ पासून निघत असलेला संगणकीय खेळ खेळणाऱ्या मराठवाड्यातील वाचकांची पत्रे या वेळी आली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे. या खेळात आपण स्वतः बॅट हातात घेत नाही, तर संपूर्ण क्लबचा कारभार पाहतो. नवे खेळाडू निवडणे, करार करणे, अदलाबदल करणे आणि तरुण खेळाडूंना एकेक पायरी वर नेणे ही आपली कामे असतात. २०२१ मधील पुनर्रचनेपासून अमेरिकेतील प्रत्येक मोठ्या क्लबाखाली खालून वर ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे पूर्ण हंगाम खेळणारे चार मायनर लीग (कनिष्ठ स्पर्धांतील) संघ आहेत व त्यांच्याही खाली रूकी, म्हणजे अगदी नवख्यांच्या, लीग आहेत. या जिन्यावर होतकरू खेळाडूला केव्हा वर चढवावे, याविषयीचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : मी शेतकरी आहे आणि रात्री मुलासोबत हा खेळ खेळतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नका, असे आम्हाला दरवर्षी सांगितले जाते. बढतीसाठी असा एखादा ठरलेला आकडा आहे काय? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : असा एकच आकडा नाही, पण आपल्या प्रश्नामागचा विचार अगदी योग्य आहे. पहिल्या सरीवर पेरले तर दुबार पेरणीची वेळ येते, हे आपल्याला लगेच दिसते. या खेळात मात्र घाईने दिलेल्या बढतीचे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. खेळाडू वरच्या संघात रुजू होतो, सामने खेळतो, आणि दीड-दोन वर्षांनी आपल्या ध्यानात येते की त्याची रेटिंग, म्हणजे त्याच्या कौशल्यांना खेळाने दिलेले गुण, जिथल्या तिथे थांबली आहेत.

म्हणून एका आकड्याऐवजी काही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाडूचे सध्याचे रेटिंग. खेळ प्रत्येक खेळाडूचे दोन अंदाज दाखवतो : आज तो काय आहे आणि पुढे काय होऊ शकेल. बहुतेक नवे खेळणारे दुसऱ्या आकड्याने, म्हणजे पोटेन्शियलने, भारावून जातात. २० ते ८० या मापावर ७० चे पोटेन्शियल असलेला १९ वर्षांचा मुलगा पाहिला की त्याला लगेच डबल-ए मध्ये पाठवण्याचा मोह होतो. परंतु डबल-ए मधील पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) चेंडू त्याला आजच्या कौशल्यावर खेळायचा असतो. तेव्हा वरच्या लीगमधील त्याच जागेवरच्या खेळाडूंची यादी उघडावी, कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावणे), पॉवर (फटक्याची ताकद), आय (चेंडूची पारख) आणि अव्हॉइड-के (तीन स्ट्राइकवर बाद होणे टाळणे) ही सध्याची रेटिंग लावून पाहावीत, आणि आपला खेळाडू त्या यादीच्या साधारण मध्यावर किंवा मध्याच्या जरासा खाली बसत असेल तर तो तयार आहे असे समजावे. यादीच्या तळाशी बसत असेल तर त्याने थांबावे. अगदी वरच्या टोकाला बसत असेल तर आपण उशीर केला आहे, कारण ज्याला खालच्या पातळीवर काहीच कठीण जात नाही त्याचीही वाढ मंदावते.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या संघात त्याला रोज खेळायला मिळेल काय? याचे उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी सर्व अनुकूल असूनही बढती देऊ नये. बाकावर बसून कोणाची वाढ होत नाही, आणि या खेळाची रचनाही तेच सांगते. तिसरी गोष्ट स्वभावाची. ज्याची मेहनतीची वृत्ती आणि समज उत्तम आहे असे स्काउट (खेळाडू पारखणारा) सांगतो, त्याला मी थोडे अगोदर वर पाठवतो. या दोन गुणांत जो कमी पडतो त्याला मात्र प्रत्येक पायरीवर अधिक वेळ देतो. वय मी सर्वांत शेवटी पाहतो. २३ वर्षांचा खेळाडू अजून ए पातळीवर असेल तर त्याच्याबाबत संयमाला फारसा अर्थ उरत नाही. त्याला वर पाठवून तो टिकतो की नाही हे समजून घेणेच योग्य.

प्रश्न : मी लातूरला अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. माझ्याकडे कोलोराडो रॉकीज हा क्लब आहे. माझ्या एका आउटफिल्डरची (सीमेकडच्या क्षेत्ररक्षकाची) फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, हार्टफर्डला ०.२६१ होती, अल्बुकर्कीला गेल्यावर दोन महिन्यांत ती ०.३२४ झाली. तो आता मुख्य संघासाठी तयार आहे ना? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून तसे म्हणता येत नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रॉकीजचा डबल-ए संघ हार्टफर्ड हा अमेरिकेच्या पूर्व भागात, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या शहरात खेळतो. त्यांचा ट्रिपल-ए संघ अल्बुकर्की मात्र सुमारे पाच हजार फूट उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्यामुळे टोलवलेला चेंडू दूर जातो, आणि फिरकी घेणारा चेंडू हवेत हवा तसा वळत नाही. ज्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये हा संघ खेळतो, तिथे रीनोसारखी उंचावरची इतर मैदानेही आहेत. खेळात मैदानांचे हे गुणधर्म आकड्यांच्या रूपाने घातलेले आहेत. त्यामुळे आपल्या खेळाडूची सरासरी वाढली यात त्याचे किती आणि अल्बुकर्कीच्या हवेचे किती, हे केवळ सरासरीवरून ठरवता येणार नाही.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची आहे. आपण अभियांत्रिकी शिकत आहात, तेव्हा हे आपल्याला सहज पटेल. बेसबॉलच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखवले आहे की फलंदाजाचे स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे) प्रमाण साधारण ६० वेळा फलंदाजीला आल्यावर आणि वॉकचे (चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस मिळण्याचे) प्रमाण साधारण १२० वेळा आल्यावर भरवशाचे होऊ लागते. फलंदाजीच्या सरासरीला मात्र तेवढाच भरवसा येण्यासाठी सुमारे ९०० वेळा फलंदाजी व्हावी लागते, म्हणजे दीड हंगामापेक्षा जास्त. दोन महिन्यांत आपला आउटफिल्डर जेमतेम सव्वादोनशे वेळा फलंदाजीला आला असेल. सिम्युलेशनमध्ये तर ही गोष्ट आणखी ठळक असते, कारण तेथे आकडे हे मुख्यतः रेटिंगमधून आणि योगायोगातून तयार होतात. खेळाडूची खरी क्षमता यंत्राच्या पोटात अगोदरच नोंदलेली असते आणि सामन्याचा निकाल हा तिच्यावर टाकलेला फासा असतो.

यावर माझा सल्ला असा. सरासरीचा रकाना बाजूला ठेवावा आणि हार्टफर्ड व अल्बुकर्की येथील स्ट्राइकआउट व वॉक यांचे प्रमाण शेजारी शेजारी मांडून पाहावे, कारण उंचीचा या दोन आकड्यांवर होणारा परिणाम होमरन किंवा सरासरीवरील परिणामाइतका मोठा नसतो. वर गेल्यावर स्ट्राइकआउट वाढले नसतील आणि वॉक टिकून असतील तर त्याची सुधारणा खरी मानावी. त्यानंतर स्काउटचा नवा अहवाल मागवावा आणि सध्याचे रेटिंग खरोखर हलले आहे काय ते पाहावे. स्काउटचा अंदाजही चुकू शकतो, विशेषतः आपण खेळ सुरू करताना स्काउटिंगची अचूकता कमी ठेवली असेल तर. म्हणून अहवाल आणि हे दोन आकडे एकाच दिशेने बोट दाखवत असतील तेव्हाच निर्णय घ्यावा. आणखी एक सांगतो : रॉकीजचे स्वतःचे मैदान डेन्व्हरला, अल्बुकर्कीइतक्याच उंचीवर आहे. तेव्हा आपला खेळाडू घरच्या सामन्यांत चमकेल आणि परगावी अडखळेल ही शक्यता बढती देण्यापूर्वीच गृहीत धरलेली बरी.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ एकच क्लब चालवतो. आमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू जखमी होऊन हंगामाबाहेर गेला आहे. डबल-ए मध्ये २० वर्षांचा फार गुणी मुलगा आहे. भावाचे म्हणणे त्याला आजच बोलवावे, मी म्हणतो थांबावे. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बढतीच्या बहुतेक वाईट निर्णयांचे मूळ याच परिस्थितीत असते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. मुख्य संघाला माणूस हवा असणे ही एक गोष्ट आहे आणि मुलगा तयार असणे ही दुसरी. पहिली गोष्ट दुसरीचा पुरावा ठरू शकत नाही. जागा रिकामी झाल्याने त्या मुलाच्या कौशल्यात काल रात्रीपासून काहीही फरक पडलेला नसतो.

बेसबॉलच्या इतिहासात याचे अत्यंत दुःखद उदाहरण आहे. १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सने डेव्हिड क्लाइड या १८ वर्षांच्या डावखुऱ्या पिचरला शाळेतून थेट मुख्य संघात आणले. २७ जून रोजी त्याच्या पहिल्या सामन्याला मैदान भरून गेले. क्लबला प्रेक्षक हवे होते, त्यामुळे त्याला खालच्या लीगमध्ये शिकू देण्याऐवजी वरच ठेवण्यात आले. १९७९ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, तो शेवटचा मोठ्या लीगमध्ये खेळला; त्याच्या नावावर १८ विजय आणि ३३ पराभव राहिले. ज्या मुलाला त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात) सर्वांत आधी निवडले गेले होते, त्याची ही गोष्ट आहे.

आता आपल्या भावाच्या बाजूचेही उदाहरण देणे न्यायाचे होईल. हुआन सोटो याने २०१८ चा हंगाम ए पातळीवर सुरू केला, ए, हाय-ए आणि डबल-ए मिळून त्या वर्षी त्याचे मायनर लीगमध्ये ३९ सामने झाले, आणि त्याच्या वॉशिंग्टन नॅशनल्स क्लबाचे खेळाडू जखमी झाल्यामुळे २० मे रोजी, १९ वर्षांचा असताना, तो मुख्य संघातून खेळला. ट्रिपल-ए त्याने पाहिलेही नव्हते. त्याने त्या हंगामात २२ होमरन मारले आणि बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण ०.४०६ राहिले. त्यालाही गरजेपोटीच बोलावले होते, परंतु कोणता चेंडू सोडायचा याची त्याची समज त्या वेळीच पूर्ण तयार होती. म्हणून आपण दोघांनी त्या मुलाचे आय आणि अव्हॉइड-के ही दोन सध्याची रेटिंग उघडावीत. ती मोठ्या लीगच्या सरासरीजवळ असतील तर भावाचे ऐकावे. नसतील तर ट्रिपल-ए मधील एखादा अनुभवी, २८-३० वर्षांचा खेळाडू वर आणावा, किंवा लहानशा सौद्यात कोणी मिळवावा, आणि हंगाम तसा काढावा. एका हंगामातले दोन-तीन विजय कमी झाले तरी क्लब उभा राहतो.

तो मुलगा तिसऱ्या बेसवर पुरेसा खेळलेला आहे ना, हेही पाहावे. शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील जागेवरून) नुकत्याच हलवलेल्या खेळाडूचे नव्या जागेवरचे क्षेत्ररक्षण सामने खेळूनच सुधारते, आणि ते शिक्षण डबल-ए मध्ये झालेले बरे.

प्रश्न : खेळाडू तयार असूनही त्याला एप्रिलमध्ये काही दिवस खाली ठेवावे, म्हणजे एक वर्ष फायदा होतो, असे आमच्या गटातील एक जण सांगतो. हे काय आहे, आणि असे करावे काय? तसेच फोर्टी-मॅन यादीत नाव कधी घालावे? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : मोठ्या लीगच्या हंगामात साधारण १८७ दिवस असतात आणि १७२ दिवस मुख्य संघाच्या यादीवर राहिल्यास खेळाडूचे एक वर्षाचे सर्व्हिस टाइम (मोठ्या लीगमधील सेवाकाल) पूर्ण धरले जाते. अशी सहा वर्षे झाली की तो मुक्त होतो व कोणत्याही क्लबाशी करार करू शकतो. तीन वर्षांनंतर त्याला पगारासाठी लवादाकडे जाता येते. खेळाडूला सुरुवातीचे सुमारे अडीच आठवडे खाली ठेवले तर त्याचे पहिले वर्ष पूर्ण होत नाही आणि क्लबाला तो जवळजवळ सात हंगाम मिळतो. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिल रोजी वर आणले, त्याच्या खात्यावर १७१ दिवस जमा झाले, आणि २०२० मध्ये लवादाने त्याची तक्रार फेटाळल्यावर तो २०२१ च्या हंगामानंतरच मुक्त झाला. २०२२ च्या करारात याला काही प्रमाणात आळा घातला गेला : नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला आता पूर्ण वर्ष मिळते. आपल्या आवृत्तीतील लीगच्या नियमांत यांपैकी काय लागू केले आहे ते एकदा तपासून घ्यावे.

करावे काय, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. वाढीचा हिशेब आणि कराराचा हिशेब या दोन वेगळ्या वह्यांत ठेवावेत. खेळाडू तयार आहे की नाही हे पहिल्या वहीवरून ठरवावे. तो तयार आहे असे ठरल्यानंतरच दुसरी वही उघडावी. अडीच आठवड्यांनी कोणाची वाढ खुंटत नाही, त्यामुळे क्लब नव्याने उभारला जात असेल तर ते दिवस थांबणे हिशेबाला धरून आहे. पण याच वर्षी विजेतेपदासाठी लढत असाल तर सातव्या वर्षीच्या एका हंगामासाठी एप्रिलचे सामने घालवू नयेत. तोवर त्या खेळाडूचे काय होईल हे या खेळात कोणालाच सांगता येत नाही. अर्धवट तयार खेळाडूला ‘सर्व्हिस टाइम तर वाचतोच आहे’ म्हणून खाली ठेवणे आणि तयार नसलेल्याला ‘नाहीतरी यादीत आहेच’ म्हणून वर नेणे, या दोन्ही गोष्टी वह्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

फोर्टी-मॅन यादीचे, म्हणजे क्लबाने राखून ठेवलेल्या चाळीस जणांच्या यादीचे, गणित रूल फाइव्ह ड्राफ्टशी जोडलेले आहे. १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांपर्यंत आणि त्याहून मोठ्या वयात आलेल्याला चार हंगामांपर्यंत संरक्षण असते. त्यानंतर यादीत नाव नसेल तर दुसरा क्लब त्याला उचलू शकतो, मात्र त्याला पूर्ण हंगाम मुख्य संघात ठेवण्याची अट असते. रॉबर्टो क्लेमेंटे १९५४ च्या अखेरीस याच मार्गाने ब्रुकलिनकडून पिट्सबर्गकडे गेला. म्हणून मुदत संपणाऱ्या वर्षीच नाव घालावे, त्याआधी घालू नये. यादीत आलेला खेळाडू ज्या वर्षी खाली पाठवला जातो त्या वर्षी त्याचे एक ऑप्शन (खाली पाठवण्याची मुभा) खर्च होते, आणि ऑप्शन तीनच असतात. १९ वर्षांच्या मुलाचे नाव हौसेने घातले तर तो २२ वर्षांचा होईपर्यंत ती संपतात व मग त्याला वेव्हरवर न टाकता, म्हणजे इतर क्लबांना त्याला उचलण्याची संधी न देता, खाली पाठवता येत नाही.

प्रश्न : माझ्या २१ वर्षांच्या पिचरकडे दोन प्रकारचे उत्कृष्ट चेंडू आहेत, तिसरा कच्चा आहे. त्याला मुख्य संघाच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचरांत) आणू काय? (एक वाचक, जालना)

उत्तर : आपल्याला त्याच्यातून स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) घडवायचा असेल तर आणू नये. स्टार्टरला किमान तीन वापरता येण्याजोगे चेंडू आणि पुरेसा दम लागतो, आणि तिसरा चेंडू घडण्यासाठी त्याला दर पाच-सहा दिवसांनी पाच-सहा डाव टाकायला मिळाले पाहिजेत. बुलपेनमध्ये त्याला एखादाच डाव मिळेल. क्रिस सेल २०१० मध्ये ज्या वर्षी निवडला गेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या बुलपेनमध्ये आला आणि २०१२ पासून मोठा स्टार्टर झाला हे खरे आहे, पण तो विद्यापीठात खेळून आलेला होता. आपल्या पिचरचे कंट्रोल (अचूकतेचे) रेटिंग किती आहे हे आपण कळवले नाही. स्टफ (चेंडूंचा दर्जा) कितीही चांगले असले तरी कंट्रोल कमी असताना पिचरला ट्रिपल-ए च्याही वर नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या चेंडूचे पोटेन्शियलच कमी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग तो रिलीव्हरच, म्हणजे बदली पिचरच, आहे, आणि त्याला थांबवून ठेवण्यात काही हशील नाही.

प्रश्न : सर्व मायनर लीग संघांकडे लक्ष देणे मला जमत नाही. बढत्या संगणकावर सोडल्या तर चालेल काय? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : चालेल. आपले दहा-पंधरा महत्त्वाचे खेळाडू स्वतःच्या हातात ठेवावेत आणि बाकी संगणकाकडे सोपवावे.

प्रश्न : मी शालेय मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. माझा २१ वर्षांचा शॉर्टस्टॉप सर्व कसोट्यांवर उतरला म्हणून मी त्याला मुख्य संघात घेतले, पण पहिल्या तीन आठवड्यांत त्याची सरासरी ०.१३० आहे. त्याला परत पाठवू, की तसाच खेळवत राहू? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : १९५१ साली न्यू यॉर्कमधील दोन क्लबांपुढे हाच प्रश्न होता आणि दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली. जायंट्सने विली मेजला मे महिन्यात मिनियापोलिसच्या खालच्या संघातून बोलावले, तेव्हा तेथे ३५ सामन्यांत त्याची सरासरी ०.४७७ होती. वर आल्यावर पहिल्या २६ प्रयत्नांत त्याला एकच फटका लाभला, आणि तो होमरन होता. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्याला हलवले नाही. त्या वर्षीचा उत्कृष्ट नवोदिताचा मान त्यालाच मिळाला. यांकीजने १९ वर्षांच्या मिकी मँटलला मात्र जुलैमध्ये कॅन्सस सिटीच्या खालच्या संघात परत पाठवले. तो फार वेळा स्ट्राइकआउट होत होता. तेथे ४० सामन्यांत ०.३६१ ची सरासरी राखून तो ऑगस्टमध्ये परतला. दोन्ही निर्णय योग्य ठरले, कारण दोघांच्या अडचणी निरनिराळ्या होत्या.

आपल्या शॉर्टस्टॉपच्या तीन आठवड्यांतील सरासरीला मी काहीच किंमत देणार नाही. त्याचे स्ट्राइकआउट पाहावेत. ट्रिपल-ए मध्ये शंभरापैकी वीस वेळा स्ट्राइकआउट होणारा आता पंचवीस-सव्वीस वेळा होत असेल तर ती वरच्या पातळीची नेहमीची वाढ आहे. त्याला रोज खेळवावे, हवे तर फलंदाजीच्या क्रमात आठव्या-नवव्या जागी ठेवावे. हेच प्रमाण पस्तीस-चाळीसवर गेले असेल आणि वॉकही आटले असतील तर त्याला परत पाठवण्यात कमीपणा नाही. २०२४ मध्ये बाल्टिमोरने जॅक्सन हॉलिडेला ३४ प्रयत्नांत २ फटके झाल्यावर खाली पाठवले आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा आणले. मात्र परत पाठवताना तो ट्रिपल-ए मध्ये शॉर्टस्टॉपवरच रोज खेळेल अशी जागा आधी मोकळी करावी, आणि पुन्हा बोलावण्यापूर्वी किमान ६० वेळा तरी त्याची फलंदाजी होऊ द्यावी.